ठेवायचे आवाज, टाकायचे आवाज

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आवाज यंत्रात साठवता येतो, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याच्या आजोबांच्या खिशातल्या मोबाइलमध्येही शे-दोनशे आवाज पडून असतात. पण साठवलेल्या आवाजांतून कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा, याचाही एक इतिहास आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. घरात धान्य आलं की आपल्याकडे बायाबापड्या सूप घेऊन बसतात. हलकं ते पाखडून उडवतात, खडे वेचून टाकतात, भरीव ते ठेवतात. सुपाची ही रीत आवाजालाही लागू झाली ती एका यंत्रामुळे. त्याचं नाव सॅम्पलर. आमच्या परभणी जिल्ह्यात हे नाव फारसं कुणी घेत नाही. त्याच्याच कुळातल्या एका वाद्याला आमच्याकडे सगळे ऑक्टोपॅड म्हणतात.

ऑक्टोपॅड तुम्ही पाहिलेला असणारच. लोखंडी स्टँडवर बसवलेली एक पाटी, तिच्यावर रबराचे आठ किंवा नऊ चौकोन आणि मागे दोन काठ्या घेऊन उभा असलेला पोरगा. एका चौकोनावर काठी पडली की ढोलकी वाजते, दुसऱ्यावर पडली की ताशा, तिसऱ्यावर पडली की टाळ्या. लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो, १४ एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम असो, जागरण-गोंधळ असो की कव्वालीचा मुकाबला असो, हा पोरगा आणि त्याची पाटी हजर. परभणीत फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो, त्याला सगळ्या धर्मांची माणसं येतात. ऑक्टोपॅडचंही तसंच आहे. सकाळी एका मांडवात, रात्री दुसऱ्या. कुणाचा देव कोणता, हे त्या पाटीला विचारावं लागत नाही. पोरगा फक्त एक बटण दाबून किट बदलतो.

मी कवी माणूस. वाद्यांतलं मला कळतं ते ऐकणाऱ्याइतकंच. पण शब्द निवडणं आणि टाकणं हा माझा रोजचा उद्योग असल्यामुळे दुसरा कुणी काही निवडत-टाकत बसला असेल तर माझे पाय तिथं आपोआप थांबतात. म्हणून हा विषय.

आधी सॅम्पल म्हणजे काय ते पाहू. सॅम्पल म्हणजे नमुना. शितावरून भाताची परीक्षा करतो, तसं एखाद्या वाद्याचा एक ठोका घ्यायचा आणि तो हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा वाजवायचा. खरा तबला आणून वाजवायची गरज नाही. तबल्याचा एक 'धा' साठवलेला असला की झालं. हा 'धा' कोणत्या तरी दिवशी, कोणत्या तरी खोलीत, कोणत्या तरी माणसाच्या हातानं वाजवलेला असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

आवाजाचे तुकडे घेऊन त्यातून संगीत करायचं, ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेर नावाच्या इंजिनिअरनं रेल्वेचे आवाज तबकडीवर घेतले आणि ते तुकडे पुन्हा पुन्हा वाजवून, एकमेकांना जोडून एक रचना केली. ती रेडिओवरच प्रसारित झाली. १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन नावाचं वाद्य निघालं. दिसायला पेटीसारखं, पण प्रत्येक पट्टीला टेपेचा एक तुकडा जोडलेला. पट्टी दाबली की टेप सरके आणि व्हायोलिन किंवा बासरी ऐकू येई, ती फार तर आठ सेकंद. मग टेप संपे. पट्टी सोडायची, टेप मागं जाऊ द्यायची आणि पुन्हा दाबायची.

टेपेची जागा कॉम्प्युटरच्या मेमरीनं घेतली १९७९ साली. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात पीटर व्होगेल आणि किम रायरी या दोघांनी फेअरलाइट नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्यात कुत्र्याचं भुंकणं घाला आणि पट्ट्यांवर ते सा रे ग मध्ये वाजवा, असा प्रकार. किंमत मात्र एखाद्या घराएवढी. १९८१ साली अमेरिकेतल्या ई-म्यू कंपनीनं इम्युलेटर आणलं, ते जरा स्वस्त. १९८७ साली त्याच कंपनीचं एसपी-१२०० आलं आणि १९८८ साली रॉजर लिन यांनी जपानच्या अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० घडवलं, बोटांनी वाजवायच्या सोळा चौकोनांचं. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत वाढलेलं रॅप संगीत पुढं याच यंत्रांवर फोफावलं.

आता या यंत्रांची ताकद ऐका. एसपी-१२००मध्ये एकूण साठवण होती १० सेकंदांची. एका आवाजाला नव्हे, सगळ्या आवाजांना मिळून १० सेकंद! एवढ्यात ढोल, झांज, टाळी, गाण्याचा तुकडा, सगळं बसवायचं. मग पोरांनी युक्ती काढली. ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगानं फिरवायची, म्हणजे आवाज लवकर उरकतो आणि कमी जागा खातो. आत घेतल्यावर यंत्रात त्याचा सूर खाली उतरवायचा. या ओढाताणीत आवाजाला एक खरखर येई. पुढं लोकांना ती खरखरच आवडू लागली. टंचाईतून चव तयार होते, हे आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. आमची अर्धी खाद्यसंस्कृती दुष्काळानं शिकवलेली आहे.

जागेचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायचा तर यंत्र एका सेकंदात ४४,१०० वेळा त्याचं माप घेतं. प्रत्येक मापाला दोन बाइट लागतात. म्हणजे एका सेकंदाला ८८,२०० बाइट. आपण नव्वदच्या दशकात वापरायचो त्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीत असा आवाज जेमतेम १६ सेकंद मावायचा. शिवाय त्या काळच्या यंत्रांची मेमरी वीज असेपर्यंतचीच. वीज गेली की सगळं विसरलं. पुन्हा फ्लॉपी घाला, पुन्हा भरा. आमच्या भारनियमनाच्या दिवसांत हे यंत्र गावोगाव असतं तर वादकाचा निम्मा जन्म फ्लॉप्या घालण्यातच गेला असता.

तेव्हा निवड ही सक्तीची होती. जागाच नाही म्हटल्यावर फालतू आवाज कोण ठेवणार? एकेक ठोका शंभरदा ऐकून, त्याची शेपटी कापून, मगच तो आत जाई.

ऑक्टोपॅडची वाट थोडी वेगळी आहे. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड काढला तेव्हा त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो नुसता हात होता. गळा दुसऱ्या यंत्राचा, तारेनं जोडलेला. पुढं पोटात आवाज भरलेले ऑक्टोपॅड आले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या एसपीडी-२०मध्ये ७०० आवाज होते. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी आणि सिनेमाच्या वादकांनी तो डोक्यावर घेतला. पण ते ७०० आवाज कंपनीनं निवडलेले. त्यात आमच्या गोंधळ्याच्या संबळाला कुठून जागा असणार? २००३ साली एसपीडी-एस आला आणि दार उघडलं. आता वादकाला स्वतः टिपलेला आवाज पाटीवर बसवता येऊ लागला. त्यानंतर दशकभराच्या आत आलेल्या एसपीडी-एसएक्समध्ये सुमारे ३६० मिनिटं आवाज मावू लागला. १० सेकंदांवरून सहा तासांवर आपण पंचवीस वर्षांत आलो.

म्हणजे टंचाई संपली. मग टाकायचा प्रश्नच उरला नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही कुतूहल होतं. म्हणून ओळखीच्या एका ऑक्टोपॅडवाल्याकडं मी लग्नसराई संपल्यावर एक दुपार जाऊन बसलो. पोरगा तिशीतला, हुशार, चार जिल्ह्यांत वाजवून आलेला. लॅपटॉपला मशीन जोडून साफसफाई चालली होती.

मी विचारलं, "अरे, सहा तासांची जागा आहे म्हणतोस, मग काढतोस कशाला?"

तो हसला. "चाचा, जागा लई आहे. पण पॅड नऊच आहेत. अन् डोकं एकच."

मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं. पूर्वी यंत्राची मेमरी तुटपुंजी होती, आता माणसाचं लक्ष तुटपुंजं आहे. त्याच्याकडं हजारो आवाज, रोजच्या वापरातले चाळीस-पन्नास. ऐन वरातीत नवरदेवाचे मित्र "नागिन वाजव" म्हणून ओरडत असताना चारशे हलग्यांतून एक हलगी शोधायला वेळ कुणाला? लॅपटॉपवरची यादी मी वाचली. हलगी १, हलगी २, हलगी नवी, हलगी नवी २, हलगी फायनल, हलगी फायनल खरी. आमच्या कवितांच्या कागदांची अवस्था यापेक्षा फार निराळी नसते, म्हणून मी काही बोललो नाही.

हे आवाज येतात कुठून? थोडे त्यानं स्वतः टिपलेले. बाकीचे पेनड्राइव्हमधून. नांदेडच्या मित्रानं दिलेले, त्याला लातूरच्या कुणी दिलेले, त्याच्या आधी पुण्या-मुंबईच्या कुठल्या स्टुडिओतून निसटलेले. आवाज असा गावोगाव फिरत येतो. प्रत्येक मुक्कामी त्याचं नाव बदलतं आणि दोन मुक्कामांनंतर नाव उरतच नाही, आकडा उरतो.

काढण्याचे त्याचे नियम अगदी सरळ होते. मोठ्या स्पीकरवर जो आवाज गर्दी फोडून बाहेर येत नाही, तो काढायचा. ज्याच्या मागं दुसरा आवाज आहे, कुणाचं खोकणं, पोराचं रडणं, कुत्रं, तो काढायचा. ज्याचा घुमारा लांबतो आणि पुढच्या ठोक्यावर चढतो, तो कापायचा किंवा काढायचा. एक अख्खा सीझन ज्याला काठी लागली नाही, तो काढायचा. आणि काढताना एक काळजी घ्यायची. तो आवाज एखाद्या किटमध्ये बसवलेला नाही ना, हे आधी पाहायचं, नाहीतर भर कार्यक्रमात काठी पडते आणि पॅड मुका राहतो.

धंद्याच्या दृष्टीनं यातला एकही नियम चुकीचा नाही. पण त्यांची बेरीज करून पाहा. गर्दी फोडत नाही म्हणून जातो तो दिमडीचा बोटांनी काढलेला हलका बोल. मागं दुसरा आवाज आहे म्हणून जातं ते अख्खं अंगण. घुमारा लांबतो म्हणून कापला जातो तो संबळाच्या मोठ्या भांड्यावर वाकडी काठी घासून निघणारा हुंकार, ज्याच्यावर गोंधळाची अर्धी रात्र उभी असते. उरतो तो कोरडा, स्वच्छ, जोरकस ठोका. मग परभणीचा, बीडचा आणि कोल्हापूरचा ठोका एकसारखा वाटायला लागला तर नवल नाही. एकाच सुपातून तिन्ही पाखडले गेले आहेत.

त्यानं एक आवाज लावला. हलगीचे चार ठोके. ठोक्यांच्या आधी काहीतरी तडतडत होतं. हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर धरून तापवतात, तेव्हा कातडं ताणलं जातं आणि खणखणीत बोलतं. ते तडतडणं जळत्या काटक्यांचं होतं. मी विचारलं, "हे कुणी वाजवलंय?"

"काय माहीत, चाचा. पेनड्राइव्हमधी आलं होतं."

"कोणत्या गावचं?"

"तेबी माहीत नाही. बरं आहे, पण बसत नाही कुठं." त्यानं बोट दाबलं. यादीत खालचा आवाज वर सरकला.

इथं गहिवर आणून दोन ओळी लिहिणं सोपं होतं. पण मला दुसरीही बाजू माहीत आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. गावगाड्यात हलगी वाजवणं ही कुणाची हौस नव्हती. ती दलित जातींवर नेमून दिलेली चाकरी होती. कुणाचं लग्न, कुणाची मयत, कुणाची जत्रा, बोलावणं आलं की जायचं, दूर उभं राहून वाजवायचं आणि पदरात पडेल ते घ्यायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीची हलकी ठरवलेली कामं सोडायला सांगितलं. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर मराठवाड्यातल्याही कित्येक घरांनी ही कामं सोडली, त्यांत वाजवणंही सुटलं. त्या घरांनी हलगी खुंटीवरून काढली तेव्हा त्यांनी एक वाद्य टाकलं नव्हतं, एक जोखड टाकलं होतं. त्या टाकण्याबद्दल हळहळायचा अधिकार बाहेरच्या कुणाला नाही.

ऑक्टोपॅडनं इथं एक निराळंच काम केलं. हलगीचा आवाज त्यानं हलगीच्या जातीपासून सोडवला. आज कुठल्याही घरातला पोरगा काठी उचलतो आणि हलगी वाजवतो. कातडं नाही, शेकोटी नाही, कुणी दूर उभं राहा म्हणत नाही. उलट स्टेजच्या मधोमध त्याची जागा असते. एकाच पाटीवर संबळ, हलगी आणि मर्फा शेजारी शेजारी बसतात. परभणी १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. येमेनहून आलेले अरब आणि आफ्रिकी वंशाचे सिद्दी यांनी हैदराबादेत रुजवलेला मर्फा आमच्या भागातल्या वरातींना परका नव्हता. देवीचा संबळ, गावकीची हलगी आणि अरबांचा मर्फा एका वीतभर जागेत सुखानं नांदतात, हे माणसांच्या वस्तीत रोज दिसत नाही.

तेव्हा यंत्र वाईट आणि जुनं ते सोनं, असं मी म्हणणार नाही. टाकणं वाईट, असंही म्हणणार नाही. टाकल्याशिवाय कविता होत नाही, टाकल्याशिवाय गाणं होत नाही. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. त्या चार ठोक्यांमागचा हात कुणाचा, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. ज्यानं वाजवलं त्यानं स्वतः टाकलं तर ती त्याची मर्जी. पण ज्याचं नावच पुसलं गेलं, त्याला मर्जी कुठून असणार?

आवाज आणि नाव यांची गाठ आपल्याकडे फार जुनी आहे. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग यांनी गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या काळच्या तबकड्यांवर गाणं संपताना गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगताना ऐकू येतात. त्याचं कारण असं सांगतात की तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कुणाची हे कळावं, लेबलावर नाव चुकू नये, म्हणून ही व्यवस्था. कारण व्यवहाराचं होतं. परिणाम मात्र असा की सव्वाशे वर्षांनंतरही तो आवाज कुणाचा, हे तो आवाजच सांगतो.

आणि ही रीत ग्रामोफोनची नव्हे, आपल्या संतांची आहे. छापखाना नव्हता, अभंग तोंडातोंडी जायचा. तेव्हा शेवटच्या चरणात कवी आपलं नाव गुंफत असे. त्याला मुद्रिका म्हणतात. तुकोबांची मुद्रिका पोरासोरांना पाठ आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी दासी, पण अभंगाच्या शेवटी 'जनी' आहेच. तिला घर नव्हतं, जमीन नव्हती. नाव तिनं सोडलं नाही. गझलेत हेच काम मक्ता करतो. शेवटच्या शेरात शायर आपलं तखल्लुस ठेवतो. शाहीर पोवाड्याच्या अखेरीला आपलं नाव, गुरूचं नाव, कधी गावाचंही नाव घेतो. मी गझल ऐकत आणि अभंग वाचत मोठा झालो. दोन्ही घरांत ही एक वस्तू सारखी दिसली. गाणं जगाला देऊन टाका, पण त्यावर नाव असू द्या.

वाजवणाऱ्याला मात्र ही सोय कधीच मिळाली नाही. ठोक्यात नाव कसं गुंफणार? वाजवणाऱ्याचं नाव दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते लिहिलं नाही तर काय होतं, याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६९ साली विन्स्टन्स नावाच्या बँडनं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यात मध्येच बाकी सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन नावाचा वादक एकटा ड्रम वाजवतो. अवघे सहा-सात सेकंद. पुढं सॅम्पलर आले आणि हे सहा-सात सेकंद हजारो गाण्यांत वापरले गेले. इंग्लंडात त्या ठेक्यावर नाचगाण्याचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. कोलमन यांना त्यातला पैसा मिळाला नाही. २००६ साली ते वारले तेव्हा त्यांना डोक्यावर छप्परही उरलेलं नव्हतं. लाखो लोक ज्याच्या हातावर नाचले, त्याचं नाव त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळानं त्या ओव्या लोकांपुढं आणायला सुरुवात केली. तिथं ओवीबरोबर काय असतं? गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, तिचा कामधंदा, ध्वनिमुद्रणाची तारीख. शेतात राबणाऱ्या, कुठल्या पुस्तकात न आलेल्या बाया, पण त्यांची ओवी 'ओवी १' आणि 'ओवी फायनल' अशी पडलेली नाही. जनाबाईची मुद्रिका तिच्या लेकींना अशी परत मिळाली.

जगातल्या मोठमोठ्या संस्थांनाही हे नेहमी जमलेलं नाही. बीबीसीनं १९६० आणि ७०च्या दशकांत आपल्या कितीतरी कार्यक्रमांच्या टेपा पुसून त्यांच्यावर नवे कार्यक्रम घेतले, कारण टेप महाग होती आणि जुना कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, असा हिशेब होता. पुढं तेच कार्यक्रम शोधत फिरायची वेळ आली. टाकतानाचा हिशेब त्या दिवसाच्या भावानं होतो. मालाची खरी किंमत पुढच्या पिढीत कळते.

कायदाही आता वाजवणाऱ्याच्या बाजूनं बोलतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क आला. २०१२ सालच्या दुरुस्तीनं त्यात आणखी एक भर घातली. सादरीकरण आपलं आहे, अशी ओळख मिळण्याचा कलावंताला हक्क आहे. अर्थात गावातल्या हलगीवाल्यानं चार ठोक्यांसाठी कोर्टात जावं, असं कुणीच म्हणणार नाही. कायदा उंबऱ्यापर्यंत येतो. आत यायचं की नाही, ते घरातल्यांनी ठरवायचं.

म्हणून ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. त्यांना पैसा लागत नाही, फक्त पाच मिनिटं लागतात.

एक, आवाज टिपाल तेव्हाच त्याला नाव द्या. वाद्य, वाजवणारा, गाव, साल. जुन्या यंत्रांत नावाला दहा-बारा अक्षरांचीच जागा असायची, तेव्हा सबब होती. आज लॅपटॉपवर ओळभर नाव मावतं. मशीनवर आखूड नाव ठेवा आणि पूर्ण नाव वहीत लिहा. वहीला वीज लागत नाही.

दोन, काढण्याआधी एकदा पूर्ण ऐका. मशीनवरून काढा, खुशाल काढा. तुमचे नऊ पॅड तुमच्या पोटापाण्याचे आहेत. पण काढलेला आवाज न कापलेल्या स्वरूपात, मागच्या खोकण्यासकट, एका पेनड्राइव्हमध्ये टाकून ठेवा. स्टेजवरची जागा आणि घरातली जागा यांत फरक असू द्या. वाड्यातली जुनी भांडी रोजच्या स्वयंपाकात नसतात, म्हणून कुणी ती उकिरड्यावर टाकत नाही. ती माळ्यावर जातात.

तीन, ज्याचा आवाज घ्याल, त्याला विचारून घ्या आणि वाजवलेलं त्याला ऐकवा. तो नको म्हणाला, तर तो नकारही त्याच्या मालकीचा आहे. हो म्हणाला, तर स्टेजवरून एकदा त्याचं नाव पुकारा. पाहुण्यांच्या सत्काराला आपण अर्धा तास देतो. हलगी अमक्या गावच्या अमक्याची, एवढं म्हणायला पाच सेकंद पुरतात.

सूप हातात घेतलेली बाई धान्य पाखडते तेव्हा तिला ठाऊक असतं की ही ज्वारी कोणत्या रानातली, कोणत्या पेरणीची. म्हणून तिचा हात चुकत नाही. बियाणं म्हणून काय राखायचं, हेही तिला त्याच माहितीतून उमगतं. आवाजाचं बियाणं राखायचं असेल तर त्याच्या रानाचं नाव माहीत हवं. नऊ चौकोनांत काय ठेवायचं, ते तुम्ही ठरवा. फक्त टाकलेल्या आवाजाबद्दल उद्या कुणी "हा कुणाचा होता?" असं विचारलं, तर आपल्याजवळ उत्तर असू द्या.